बोटीची तिथी

आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वयाची ऐंशी उलटली तरी दक्षिणेकडे तोंड करून कधी घास घेतला नाही. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं दक्षिणेला तोंड करून जेवू नये, असं आपल्यात मानतात. लग्नाच्या पंगतीत जागा चुकली की अप्पा आपलं पान उचलून दुसरीकडे जाऊन बसायचे आणि वाढणारे परेशान व्हायचे. आता ऐंशीच्या पुढच्या माणसाचा बाप कुठून जिवंत असणार? पण तो मेला, असं आमच्या घरात कुणी कधी ठरवलंच नव्हतं. माझ्या आजीनं ठरवू दिलं नव्हतं.

हकीगत अशी. आजोबा नांदेडच्या बाजूचे, गोदाकाठच्या एका खेड्यातले. तेव्हा तो सगळा निजामाचा मुलूख. भावाभावांत जमीन पुरेना, आणि आजोबा चार बुकं शिकलेले, म्हणून ते थेट रंगूनला एका भाताच्या गिरणीत कामाला गेले. आजी बाळंतपणाला माहेरी आली आणि संक्रांतीच्या सुमाराला अप्पा जन्मले. मुलगा झाला म्हणून रंगूनला तार केली. तोवर महायुद्ध तिकडे पोचलं होतं, जपान्यांची विमानं रंगूनवर यायला लागली होती, आणि आपली माणसं मिळेल त्या वाटेनं पळत होती. शेजारच्या गावचा एकजण आजोबांबरोबर त्याच गिरणीत होता. तो जंगलं आणि डोंगर तुडवत, चालत, अर्धमेला होऊन पावसाळ्याच्या तोंडावर गावी आला. त्यानं सांगितलं, महाशिवरात्रीच्या दिवशी आजोबांना बोटीवर चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. दोघांचाही उपास होता, म्हणून दिवस पक्का लक्षात होता. ती तार खिशातच होती, दिसेल त्याला दाखवत होते, पोराचं तोंड बघायला चाललो म्हणत होते. बोटीचं नावही त्यानं सांगितलं, कुणा मडमेचं नाव होतं. आणि मग मान खाली घालून म्हणाला, ती बोट बुडाली. वाटेत छावणीत लोकांच्या तोंडून ऐकलं.

घरात रडारड झाली. आजी मात्र रडली नाही. तिनं म्हणे त्या माणसाला पाणी दिलं, भाकरी वाढली आणि सांगितलं, "बोट बुडली असंल. हे बुडायचे नाहीत. भरल्या गोदावरीत पल्याड जाऊन येतात." झालं. त्यावर ती पुढं सगळा जन्म बसून राहिली.

तिचा भाऊ बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात होता. तो तिला नि अप्पांना हैदराबादला घेऊन आला. आजीनं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ती हातभर हिरव्या बांगड्या घालून निघायची. निम्म्या घरांतून बोलावणं यायचं, निम्म्या घरांतून नाही. ज्या बायका बोलवायच्या त्यासुद्धा तिला कुंकू लावताना एकमेकींकडे बघायच्या, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय. मला राग यायचा. तिला येत नसे.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तशी बारा वर्षं सरल्यावर तिच्या भावानं गुरुजींना आणलं. पळसाची पानंही आणली. आजीनं गुरुजींना दारातच उभं केलं आणि म्हणाली, "पानांचा माणूस जाळता? मग माझा हाडामासाचा आला म्हंजे त्याला काय तोंड दाखवू?" गुरुजी आल्या पावली परत गेले. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर आजोबांच्या नावामागे काय छापायचं, यावर आमच्याकडे दोन दिवस भांडण झालं. अप्पा म्हणाले, "कै." आजी म्हणाली, "श्री." छापखाना हैदराबादेतल्याच कोठी भागात होता. तो छापखानेवाला शेवटी वैतागून म्हणाला की साहब, आधी घरात फैसला करून या. आजीच जिंकली. मग काय, सासरची माणसं लग्नात आजोबांना शोधत हिंडली, नमस्कार करायला. मांडवात मी लाजेनं मेल्यागत झाले होते. आता आठवलं की हसूही येतं आणि पोटात तुटतंही.

अप्पांचं मत आजीच्या नेमकं उलट. आजोबा बुडाले, यावर त्यांचा आजीइतकाच घट्ट विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. शाळेत पोरं त्यांना चिडवायची, तुझा बाप बर्मी बाई करून तिकडंच राहिला म्हणून. रंगूनला गेलेल्या माणसांबद्दल असं सर्रास बोललं जायचं, आणि काहींच्या बाबतीत ते खरंही असायचं. अप्पांना दोनच बाप मिळू शकत होते, एक आपल्याला बघायला येताना बुडालेला आणि दुसरा आपल्याला टाकून गेलेला. त्यांनी बुडालेला घेतला. कुणीही तोच घेतला असता. मी तर म्हणते, त्या एका बोटीवर अप्पांनी आपला सगळा संसार उभा केला. "तार खिशात घेऊन ते माझ्यासाठी निघाले होते," हे अप्पांनी मला इतक्यांदा सांगितलंय की ती तार मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

मायलेकांचं हे भांडण आजी मरेपर्यंत चाललं. शेवटच्या दुखण्यात तिनं अप्पांचा हात धरला आणि म्हणाली, "धडधडीत पुरावा मिळाल्याबिगर मला विधवा करू नको, बाळा." अप्पांनी कबूल केलं. तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून नेलं. सवाष्ण गेली की तिच्या कपाळाचं कुंकू बायका आपल्या कपाळाला लावतात. त्या दिवशी काहींनी लावलं आणि काही दाराशी पदर सावरत उभ्या राहिल्या. पुढं दरवर्षी पितृपंधरवड्यात नवमीला, सवाष्ण मेलेल्या बायकांच्या दिवशी, आमच्याकडे आजीचं पान वाढलं जाऊ लागलं. आजोबांचं मात्र कधी वाढलं गेलं नाही. दिलेला शब्द अप्पांनी पाळला.

माझी आई गेली, मी शाळेतून निवृत्त झाले. सदतीस वर्षं भूगोल शिकवला, पोरींवर ओरडून ओरडून आवाज घोगरा झाला. नवरा लवकर गेला, लेक शहराच्या त्या टोकाला कंप्युटरच्या कंपनीत, म्हणून मी अप्पांजवळच राहायला आले. मागल्या उन्हाळ्यात अप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलंय, जपा, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर दोन दिवसांनी अप्पांनी मला समोर बसवलं.

"मला त्यांना पाणी द्यायचंय," ते म्हणाले. "मी गेल्यावर त्यांना देणारं कुणी नाही. ती बोट कुठं बुडाली तेवढं शोधून दे. मायला शब्द दिलाय, पुरावा पाहिजे."

मी म्हटलं, अप्पा, समुद्र म्हणजे काय आपला हुसेनसागर तलाव आहे का, या टोकावरून बघितलं की त्या टोकाला बोट दिसली! पण मनातून मला बरं वाटलं. मास्तरकीची खोड जात नाही. कुणी काही शोधायला सांगितलं की माझ्या अंगात येतं.

आधी अप्पांच्या आग्रहानं इथल्या जुन्या सरकारी दप्तरखान्यात गेले. त्यांचं म्हणणं, आपला रयतेतला माणूस बुडाला म्हणजे निजाम सरकारनं चौकशी केलीच असणार. मोठा भाबडा विश्वास! तिथल्या बाबूनं माझा अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "अम्मा, हैदराबाद में समंदर किदर है?" हौ, बरोबर होतं त्याचं. तरी मी महिनाभर खेटे घातले, धुळीनं खोकला लावून घेतला. हाती काही लागलं नाही.

मग लेकीनं मला घरबसल्या जुने इंग्रजी कागद कसे बघायचे ते शिकवलं. परदेशातल्या ग्रंथालयांनी जुने नकाशे, बंदरांच्या नोंदी, वर्तमानपत्रं सगळं फोटो काढून ठेवलंय. रोज दुपारी अप्पा झोपले की मी बसायची. वाचताना मस्तक फिरायचं. रंगूनहून पळून आलेल्यांत गोऱ्यांची नावं होती, त्यांच्या मडमांची नावं होती, एका ठिकाणी तर कुत्र्याचंही नाव होतं. आपली माणसं म्हणजे 'डेकवरचे देशी प्रवासी' आणि पुढं नुसता आकडा. आजोबांचं नाव कुठं सापडणार नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. बोट सापडली तर सापडली.

आणि ती सापडली. खलाशांसाठी केलेल्या किनाऱ्याच्या एका जुन्या नकाशावर, बुडालेल्या जहाजाची खूण असते तशी बारीक खूण होती, आणि बाजूला त्या मडमेचं नाव. खाली टीप होती, ओहोटीला डोलकाठीचं टोक दिसतं, जपून जावं. मी जागा नीट बघितली. काकीनाड्याच्या खाली, जिथं गोदावरी समुद्राला मिळते, त्या तोंडाशी.

अप्पांना उठवलं. ते भिंग घेऊन त्या खुणेकडे किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "आपल्याच नदीशी आले होते." आणि रडले. मीही रडले. आम्हाला वाटलं होतं, रंगूनच्या बाजूला कुठं तरी भर समुद्रात गेले असतील. आणि ते तर नांदेडात ज्या पाण्यात पोहले त्याच पाण्याच्या शेवटी, घराच्या इतक्या जवळ पडले होते. एवढं बरोबर जुळलेलं बघून माझ्यासारखी वादाला टपलेली बाईसुद्धा शंका काढायची विसरली.

त्यानंतरचे दोन महिने अप्पा असे काही खुशीत होते की काय सांगू. सर्वपित्री अमावास्येला तिथं जायचं ठरलं. नामपल्लीहून सुटणाऱ्या गाडीची तिकिटं काढली. होडी मिळेल का, डॉक्टर हो म्हणतील का, कशाची चिंता नाही. बेगम बाजारात स्वतः जाऊन काळे तीळ निवडून आणले. आमच्याकडे नवमीच्या पानाखेरीज कधी पितराला वाढलेलंच नव्हतं, म्हणून कोणती भाजी करायची, आमसुलाची चटणी लागते का, हे शेजारणीला विचारून घ्यायला लावलं. एका संध्याकाळी मला म्हणाले, माय मला वरून शिव्या घालत असेल. घालू दे. पुरावा आहे आता.

एकच गोष्ट अडली. त्यांना तिथी पाहिजे होती. मी म्हटलं, अमावास्येला सगळ्यांनाच मिळतं, आणि पाण्यात गेलेल्यांची चतुर्दशीही असते. पण अप्पा ऐकेनात. "ते गर्दीतलं झालं. त्यांची स्वतःची तिथी पाहिजे. दरवर्षी करता येईल." दरवर्षी! मला हसू आलं आणि मी पुन्हा कंप्युटरसमोर बसले. नकाशावर फक्त जागा होती, दिवस नव्हता. दिवस शोधायचा तर बोट बुडाल्यावर कप्तानानं दिलेला जबाब शोधायचा.

तो मिळायला तीन आठवडे लागले. दोन पानांचा होता. बॉम्ब पडला, आग लागली, खलाशी होड्यांतून किनाऱ्याला आले, असं सगळं. तारीख होती. मी ती जुन्या पंचांगाशी लावून बघितली आणि मला वाटलं, माझंच काही चुकलं. चैत्र येत होता. पुन्हा मोजलं. चैत्रच, तोही वद्य पक्ष. महाशिवरात्रीला रंगूनहून निघालेली बोट चैत्रापर्यंत काय समुद्रात गिरक्या घेत होती? जबाब पुन्हा वाचला. बोट काकीनाड्याहून माल आणायला रिकामी निघाली होती. खाली स्पष्ट लिहिलं होतं, प्रवासी एकही नव्हता.

तरी मी मानलं नाही. त्याच नावाची दुसरी बोट असेल, म्हणून बंदरात लागलेल्या बोटींच्या नोंदी काढल्या. महाशिवरात्रीनंतर सातआठ दिवसांनी तीच बोट रंगूनहून काकीनाड्याला नीट येऊन लागली होती. देशी प्रवासी उतरले, पुढं आकडा.

तेव्हा मला त्या चालत आलेल्या माणसाचं सगळं समजलं. तो बिचारा खोटं बोलला नव्हता. आजोबांना बोटीवर चढताना त्यानं पाहिलं, ते खरं. बोट बुडाली हे छावणीत ऐकलं, तेही खरं. मधल्या काळात तो जंगलात पाय ओढत होता. तेवढ्यात बोट पोचली, माणसं उतरली, दुसऱ्या फेऱ्या झाल्या आणि मग बुडाली. त्याला ते कुठून कळणार? त्यानं दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना जोडल्या आणि अप्पांनी त्या जोडावर जन्म काढला.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, छोड ना. अप्पांना कशाला सांगतेस?" शहाणपणाचं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भिजला असता तरी माझं तोंड बघून अप्पांना कळलंच असतं. सकाळच्या चहाला त्यांनी विचारलं, मिळाली का तिथी. मी सांगितलं. सगळं सांगितलं, शिवरात्र, बंदर, रिकामी बोट. अप्पांनी कप खाली ठेवला. आधी मला रागावले, तुला कागद वाचता येत नाहीत म्हणाले. मी कागद दाखवले. ते त्यांनी भिंगातून वाचले. वीज खात्यात आयुष्यभर इंग्रजी कागदच वाचले होते, मला समजवायची गरज पडली नाही.

मग मीच समजवायला लागले. म्हटलं, अप्पा, बंदरावर पटकी होती त्या दिवसांत. माणसं उतरल्या उतरल्या मरत होती, कुणी नावं लिहून घेत नव्हतं. छावणीत गेले असतील, गाडीत गेले असतील. टाकून गेले असते तर इकडच्या बोटीत चढलेच कशाला असते? मी बोलतच राहिले. अप्पांनी हात वर केला. "नक्को," एवढंच म्हणाले.

तिकिटं रद्द केली. अप्पा जेवत होते, औषधं घेत होते, पेपर वाचत होते, पण माझ्याशी बोलत नव्हते. मला स्वतःचा इतका संताप आला म्हणून सांगू! मेलं ते भूगोलाचं ज्ञान, मेली ती शोधायची खोड. जागा सापडली तिथंच थांबले असते तर म्हातारा सुखानं पाणी सोडून आला असता. त्याचा सापडलेला बाप मीच पुन्हा हरवला, असं वाटत राहिलं. घरात कुणी नसताना मी देवापुढे बसून रडले आणि देवालाही दोन शब्द सुनावले.

नवमीला नेहमीसारखं आजीचं नि आईचं पान वाढलं. एका सवाष्णीला बोलावून जेवू घातलं, तिची ओटी भरली. अप्पा त्या बाईच्या पाया पडताना जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी अप्पा लवकर उठले. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, अंगणात पाटावर जाऊन बसले. तांब्यात पाणी होतं, वाटीत ते बेगम बाजारातले तीळ. मला वाटलं, चला, मनाचं समाधान करून घेतायत, घेऊ देत. मी दारात उभी राहिले. त्यांनी तीळ हातात घेतले आणि तसेच बसून राहिले. मूठ उघडेना. शेवटी मी जवळ गेले आणि म्हटलं, अप्पा, ऊन लागेल, आत चला.

"बोटीतून उतरले होते ना ते? पक्कं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. ती बोट आली तेव्हा सगळे उतरले, तसं लिहिलंय.

"म्हणजे त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं नाही."

मी नाही म्हटलं. अप्पा मान हलवत राहिले. मग मला कधीच न सांगितलेलं सांगायला लागले. अगदी लहान असल्यापासून रात्री डोळे मिटले की त्यांना तो समुद्र दिसायचा, आणि ते आपल्या वडिलांचा हात धरून वर ओढायचे. हात सुटायचा. तोंड कसं होतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून तोंड कधी दिसायचं नाही, नुसता हात. लग्न झालं, मी झाले, नोकरी संपली, तरी ते थांबलं नव्हतं. माझ्या आईलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "बुडाले नाहीत ते. बरं झालं."

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा मात्र इतका मोकळा झाला होता, की मला वाटलं आता संपलं, सुटला हा माणूस. मी हात धरून त्यांना उठवायला लागले. ते उठले नाहीत. माझा हात त्यांनी धरून ठेवला आणि माझ्याकडे, जणू मी त्यांची मोठी बहीण आहे तसं, मान वर करून बघितलं.

"मग घरी का नाही आले ग?"